ट्वीडकाठचे मठ

निपाणीत जन्मलेल्या माणसाला सीमाभाग म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. घरात मराठी, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड. कोल्हापूरला जाऊन आलं की वडील म्हणायचे, ‘तिकडं जाऊन आलो.’ पुढं मी लग्न होऊन त्याच कोल्हापूरला आले, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण ते ‘इकडं-तिकडं’ काही जिभेवरून गेलं नाही. म्हणून एडिंबराला राहणारी माझी मुलगी म्हणाली, “आई, या खेपेला तुला बॉर्डर्सला नेते,” तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, “कुठली बॉर्डर?”

“अगं, त्या भागाचं नावच तसं आहे. स्कॉटलंडचा दक्षिणेकडचा पट्टा, इंग्लंडला लागून असलेला. चार पडके मठ आहेत तिथं. तुझ्याइतकं निवांत उभं राहून बघणारं माणूस मला इथं दुसरं मिळत नाही.”

सप्टेंबरचा शेवट होता. तीन दिवसांची रजा तिनं टाकली. मेलरोजमध्ये एका घरगुती लॉजात खोली घेतली आणि तिथून आम्ही चारही मठ पाहिले. मेलरोज, ड्रायबरा, केल्सो आणि जेडबरा. चारही ठिकाणं एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. बाराव्या शतकात स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या कारकिर्दीत, पंचवीसेक वर्षांत, ही चारही उभी राहिली. केल्सो ११२८, मेलरोज ११३६, जेडबरा ११३८ आणि ड्रायबरा ११५०. चार मठांत चार वेगवेगळे पंथ. ड्रायबराची स्थापना राजाच्या एका बड्या सरदारानं केली, बाकीची तीन खुद्द राजाची.

सरहद्दीला इतक्या लागून एवढी मोठी बांधकामं कशासाठी, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. डेव्हिडचं तरुणपण इंग्लंडच्या दरबारात गेलं होतं. राज्य नीट बसवायचं तर शेती जाणणारी, हिशेब ठेवणारी, लिहिता-वाचता येणारी माणसं हवीत, हे त्यानं तिथं पाहिलं होतं. मठ म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. मठ म्हणजे कुरणं, गिरण्या, मासेमारी, दप्तर. आणि पलीकडच्याला दिसावं की इथं कुणीतरी राजा आहे, हेही त्यात होतंच. जेडबराला नदीच्या उतारावर उभं राहून वर पाहिलं की हे पटतं. सीमेपासून घोड्यावर दोन-तीन तासांच्या वाटेवर एवढं उंच देऊळ कुणी उगाच बांधत नाही.

मेलरोजचा दगड गुलाबी आहे. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि ओल्या दगडाला कच्च्या विटेसारखा रंग चढला होता. छप्पर बहुतेक गेलेलं, पण दक्षिणेकडची मोठी खिडकी उभी आहे. काचा नाहीत, नुसती दगडी जाळी, आणि तिच्या पलीकडं एल्डनच्या तीन टेकड्या. उंचावरच्या दगडांची तपासणी चालू होती, म्हणून काही भागाला कुंपण घातलेलं. तिकीट देणाऱ्या बाईंनी आम्हाला कुठून काय दिसेल ते नकाशावर पेनानं खुणा करून दिलं आणि वर म्हणाल्या, “डुक्कर चुकवू नका.”

ते डुक्कर छपराच्या कडेला आहे, पावसाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हाळीच्या रूपात, बॅगपाइप वाजवत बसलेलं. मुलीच्या मोबाइलवर मोठं करून पाहिलं. मग नजर सरावली तशी बाकीची मंडळीही सापडायला लागली. पळी घेतलेला स्वयंपाकी. हातोडा घेतलेला पाथरवट. मी शाळेच्या सहलींसोबत किती देवळं पाहिली, खिद्रापूरला तर चार-पाच वेळा गेले, पण देवळाच्या भिंतीवर स्वयंपाक्याला पळीसकट जागा दिलेली पाहून मला फार आनंद झाला. एवढ्या उंचीवर, जिथं खालून नीट दिसतही नाही, तिथं.

मेलरोजचे भिक्षू सिस्टर्शियन पंथाचे. न रंगवलेल्या लोकरीची पांढरी वस्त्रं घालणारे. ते आले होते इंग्लंडमधून, यॉर्कशरच्या रिव्हो मठातून. ड्रायबराचे आले नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅनिकहून, म्हणजे तेही ‘तिकडून’. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि कळल्यावर मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी राहिले. कारण पुढं हे मठ जाळले ते इंग्लंडहून आलेल्या सैन्यांनीच. १३२२ साली दुसऱ्या एडवर्डच्या सैन्यानं. १३८५ साली दुसऱ्या रिचर्डनं मेलरोज इतकं जाळलं की जवळजवळ नव्यानं बांधावं लागलं. आज आपण जे पाहतो ते बहुतेक त्यानंतरचं. आणि गंमत वाटावी असं पुढचं आहे. मठ जाळल्यावर चार वर्षांत त्याच रिचर्डनं मेलरोजच्या भिक्षूंना लोकरीच्या जकातीत सवलत दिली. त्यांची लोकर बेरिक बंदरातून फ्लँडर्सकडं जायची आणि बेरिक त्या वेळी इंग्रजांकडं होतं. राजे लढत होते, आणि मेंढरं दर उन्हाळ्याला कातरली जात होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी ज्यानं पाहिल्यात त्याला यात नवल वाटणार नाही. सीमा कुठंही सरको, माल कुठून कुठं जातो हे व्यापाऱ्याला पाठ असतं.

दक्षिण बाजूच्या आत एका दरवाजाजवळ पाथरवटांच्या मुकादमाचा शिलालेख आहे. जॉन मोरो त्याचं नाव. जन्म पॅरिसचा. कुठल्या-कुठल्या देवळांचं काम आपल्याकडं होतं ते त्यानं तिथं कोरून ठेवलंय, ग्लासगो, पेझली, सेंट अँड्र्यूज असं. पुनर्बांधणीची सुरुवात इंग्रजी धाटणीनं झाली होती. पुढं हा फ्रेंच माणूस आला आणि खिडक्यांच्या जाळ्या बदलल्या, वेलीसारख्या वळणाच्या झाल्या. एकाच देवळात डावीउजवीकडं पाहिलं तर राज्यांची दोस्ती-दुष्मनी कशी फिरत गेली ते दगडात दिसतं. पश्चिमेकडचं टोक मात्र कधी पूर्ण झालंच नाही.

मठाच्या आवारात, उघड्या गवतात, एक गोल दगड बसवलाय. त्यावर एक हृदय कोरलेलं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस १३२९ साली वारला. देह डनफर्मलिनला पुरला, पण हृदय त्याच्या इच्छेप्रमाणं काढून जेम्स डग्लस या सरदारानं धर्मयुद्धाला नेलं. डग्लस १३३० साली स्पेनमध्ये तेबाच्या लढाईत मारला गेला आणि हृदय परत आणून मेलरोजला पुरलं. १९२१ साली इथं शिशाची एक डबी सापडली. १९९६ साली ती पुन्हा वर काढून तपासली आणि १९९८ साली परत पुरली. ती ब्रूसचीच, हे सिद्ध करायला मार्ग नाही. एक वडीलधारे गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन तिथं आले होते. नातवानं विचारलं, आत खरंच आहे का? आजोबा त्याला म्हणाले, “आपल्या घरात तरी आहे असंच मानतात.” मला हे उत्तर फार आवडलं. शाळेत मला मुलं असं काही विचारत तेव्हा मी एवढं नेमकं बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. आम्ही समजत होतो की जाळपोळीनं हे मठ संपले. १५४४ आणि १५४५ ही दोन वर्षं या भागाला फार वाईट गेली, हे खरं. स्कॉटलंडची राणी मेरी तेव्हा तान्ही होती. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली आणि स्कॉटलंडनं ठरलेला करार मोडला. वर्षाच्याही आतल्या पोरीला मागणी, आणि नकार आला म्हणून हर्टफर्डचा अर्ल सैन्य घेऊन आला आणि गावांमागून गावं जाळत गेला. चारही मठ त्यात होरपळले. केल्सोत तर शंभराच्या आसपास माणसं मठात कोंडून घेऊन लढली, त्यांत बारा भिक्षू होते. पण याआधीही हे झालंच होतं, एकदा नव्हे, अनेकदा, आणि दर वेळी मठ पुन्हा उभे राहिले होते. या खेपेला राहिले नाहीत, कारण १५६० साली स्कॉटलंडनंच पोपशी संबंध तोडला. नवा धर्म आला आणि मठांची गरजच उरली नाही. भिक्षूंना कुणी हाकललं नाही. आहेत तोवर राहा म्हणाले, नवे घ्यायचे नाहीत. मेलरोजमधला शेवटचा भिक्षू १५९० च्या सुमारास वारला.

हे वाचल्यावर मला त्या तीस वर्षांखेरीज दुसरं काही सुचेना. दर वर्षी एखादा कमी होत गेलेला. संध्याकाळच्या प्रार्थनेला आधी दहा आवाज, मग सहा, मग दोन. आमच्या निपाणीच्या वाड्यात शेवटी आत्या एकटी राहायची. अकरा खोल्यांतली एक वापरायची आणि रोज संध्याकाळी बाकीच्या दहांचे दरवाजे उघडून, झाडून, पुन्हा लावायची. मेलरोजच्या ओसरीवर मला ती आठवली. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, “आत्याआजीचा तो झाडू मला आठवतोय.” मग आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही.

भिक्षू गेल्यावर गावानं मठाच्या एका भागात आपलं चर्च बसवलं, वर जाड कमान घातली. ती कमान अजून आहे आणि दिसायला बोजड आहे. पण १८१० पर्यंत लोक तिथं येत होते, लग्नं लावत होते, म्हणून तेवढा भाग टिकला. बाकीचा दगड गावाच्या घरांत गेला. पुढं सर वॉल्टर स्कॉटनं लक्ष घालून १८२२ साली पडझड सावरली. त्याच्या काव्यामुळं लोक चांदण्यात मेलरोज पाहायला येऊ लागले होते. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना स्कॉटचं नाव निघतंच, म्हणून त्याची समाधी पाहायची माझी जुनी इच्छा होती.

ती ड्रायबराला आहे. ट्वीड नदी इथं जवळजवळ पुरा वळसा घेते आणि त्या वळशात, मोठमोठ्या झाडांत, हा मठ. चारांतला सगळ्यात शांत. भिक्षूंच्या सभागृहाचं छप्पर शाबूत आहे आणि आतल्या भिंतीवर गिलाव्याचा रंग अजून पुसट दिसतो. बाकी सगळीकडं उघडा दगड पाहून आपल्याला वाटायला लागतं की हे असंच होतं. तो रंग दिसला आणि मला धक्काच बसला. हे सगळं रंगवलेलं होतं, उजळ होतं. स्कॉट १८३२ साली गेला, इथंच पुरला. त्याच्या शेजारी पहिल्या महायुद्धातला सेनापती हेग. त्याच्या कबरीवर साध्या शिपायाच्या कबरीवर असतो तसाच दगड आहे, तेवढ्याच उंचीचा. त्या दगडासमोर मुलगी म्हणाली, “याच्या हुकमावर किती मेले असतील.” मी उत्तर दिलं नाही. आपल्या सातारा-कोल्हापूरकडचे जवानही त्या युद्धात होते, कितीतरी गावांत त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत.

केल्सोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकेकाळी चारांत सर्वांत श्रीमंत, १४६० साली तिसऱ्या जेम्सला, आठ वर्षांच्या पोराला, इथंच राज्याभिषेक झाला. आज पश्चिमेकडचा एक प्रचंड तुकडा तेवढा उभा आहे आणि तोही आम्ही कुंपणाबाहेरून पाहिला.

जेडबराला मात्र दुसरा सबंध दिवस गेला. त्याला कारण एक फणी. मठाशेजारच्या छोट्या संग्रहालयात काचेमागं ठेवलीय. वॉलरसच्या दाताची, बाराव्या शतकातली, माझ्या तळहातात सहज मावेल एवढी. मधल्या पट्टीवर कोरीव काम, काल्पनिक प्राण्याशी झुंजणारा माणूस. १९८४ च्या उत्खननात ती एका चरात सापडली, एका माणसाच्या हाडांजवळ. त्याचं रीतसर दफन झालेलं नव्हतं. तो कोण, त्याला कुणी मारलं, याबद्दल विद्वानांचे अंदाज आहेत. माझं लक्ष दात्यांकडं होतं. माझ्या आज्जीची फणेरपेटी होती, आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि शिंगाची फणी. फणीचे दाते मधेच झिजलेले, कारण रोज तोच हात, तोच कोन. काचेला नाक लावून मी इथल्या फणीचे दाते पाहिले. चार शतकं मठ जळत राहिला, बांधत राहिला, आणि ही चरात पडून होती. तिथल्या मदतनीस मुलीनं खुर्ची आणून दिली. मला वाटतं, मी फार वेळ उभी होते.

संग्रहालयातून बाहेर आलं की मठाचा मुख्य भाग समोर येतो. छप्पर नाही, पण मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना कमानींचे तीन मजले अगदी टोकापर्यंत. खाली रुंद, त्यावर मध्यम, सर्वांत वर बारीक. १८७५ पर्यंत गावकरी याचा काही भाग चर्च म्हणून वापरत होते. आम्ही डबा आणला होता, थालीपीठ आणि लसणाची चटणी. नदीकडच्या बाकावर बसून खाल्लं.

तिसऱ्या दिवशी मठ संपले होते, पण परत जायचं मन होईना. मुलगी म्हणाली, “हर्मिटेजचा किल्ला बघू.” १५६६ साली राणी मेरी जेडबराहून या किल्ल्यात जखमी सरदार बॉथवेलला पाहायला घोड्यावर गेली आणि त्याच दिवशी परतली. ऐंशी किलोमीटरची दौड. परत येऊन आजारी पडली, मरता-मरता वाचली. वाट अजून तशीच ओसाड आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, ओढे, मेंढरं. या दऱ्यांत रिव्हर लोकांची वस्ती होती. रात्री घोड्यावरून यायचं, गुरं हाकून न्यायची, घर जाळायचं. इंग्लंड असो की स्कॉटलंड, त्यांना दोन्ही सारखेच. धाड नको असेल तर आधीच रक्कम भरायची. ‘ब्लॅकमेल’ हा शब्द याच भागातला. चौथाई शिकवताना मी जे सांगायची, त्याच्याशी हे किती मिळतंजुळतं आहे, हे मुलीला समजावता-समजावता घाट संपला. १६०३ साली दोन्ही राज्यांना एकच राजा मिळाला आणि मग रिव्हरांना पकडून फाशी देणं सुरू झालं. आर्मस्ट्राँग हे त्यांतलं एक मोठं घराणं. चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगला १९७२ साली लँगहम या गावानं मुद्दाम बोलावून सन्मान दिला होता.

त्या लँगहमच्या वरच्या टेकडीवर दगडी मनोरा दिसला. शंभर फुटांचा. “तो कुणाचा?” मी विचारलं. मुलीनं मोबाइलवर पाहिलं. “सर जॉन माल्कम. आई, हा कोण?”

तीस वर्षं मी हे नाव फळ्यावर लिहिलं. ‘दुसरा बाजीराव कोणाला शरण आला?’ एका गुणाचा प्रश्न. जून १८१८, माल्कम, सालीना आठ लाख रुपये, बिठूर. पुढं १८२७ पासून तीन वर्षं मुंबईचा गव्हर्नर. महाबळेश्वरची माल्कम पेठ याच्याच नावाची, तिथं आम्ही मुलींना घेऊन सहलीला जायचो. आणि हा माणूस इथला. या दरीतल्या सतरा भावंडांतला एक, तेराव्या वर्षी मद्रासला पोचलेला. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करणारा माल्कम, धाडी घालणाऱ्यांच्या मुलखातून आला होता. मी गाडी थांबवायला सांगितली.

वर चढायला पाऊण तास लागला. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी त्याचं नाव आहे, हिंदुस्थानचा उल्लेख आहे. मी हात लावला, दगड थंड होता. राग आला का, असं मुलीनं नंतर विचारलं. राग नव्हता. शाळेतली कितीतरी नावं अशीच फळ्यावर राहिली, त्यांना गाव असतं, डोंगर असतो, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही, ते मनात येत होतं. मी मुलीला तिथं उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. खडकी, कोरेगाव, अष्टी, बापू गोखले, आणि मग ती शरणागती. तिनं टोपी कानांवर ओढून सगळं ऐकलं.

उतरताना तारेच्या कुंपणात मेंढरांची लोकर अडकलेली होती, पुंजके-पुंजके. एक काढून घेतला. बोटांना तेलकटपणा लागला आणि वास आला, निपाणीच्या बाजारात धनगरांकडून वडील नवीन घोंगडं आणायचे त्याचा. पुंजका पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. एडिंबराला पोचेपर्यंत मी बोटं धुतली नाहीत.